नाताळच्या ताटाची डावी बाजू

आपल्याकडे पान वाढण्याची एक शिस्त आहे. डाव्या बाजूस मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर व लोणचें. उजव्या बाजूस भाजी व आमटी. आणि मध्यभागीं भात किंवा पक्वान्न. पंगतींतून उठलेला पाहुणा बोलतो तो श्रीखंडाविषयीं किंवा पुरणपोळीविषयीं. परंतु श्रीखंड थोड्याफार फरकानें सर्वत्र सारखेंच. गृहिणी कोणत्या प्रांतांतून आली, तिच्या आईच्या हाताला काय वळण होतें, हें ज्याला जाणावयाचें असेल त्यानें पानाची डावी बाजू चाखून पाहावी. जवसाची चटणी वऱ्हाड-खानदेशाची किंवा देशावरची आठवण सांगते, आंबोशीचें लोणचें कोंकणाची. पक्वान्न सणाचें असतें. तोंडीलावणें घराचें असतें.

हाच न्याय ख्रिस्ती लोकांच्या नाताळच्या जेवणासही लागू पडतो. २५ डिसेंबरच्या मेजवानीचा इतिहास सामान्यतः मेजाच्या मधोमध ठेवलेल्या भाजलेल्या पक्ष्याचा इतिहास म्हणून सांगितला जातो. वस्तुतः तो पक्षी वेळोवेळीं बदलला. शतकानुशतकें टिकलें तें त्याच्या भोवतालचें तोंडीलावणें व गोडधोड. राजसत्तेनें, धर्मसत्तेनें, दारिद्र्यानें किंवा देशांतरानें जेव्हां जेव्हां या सणावर घाला घातला, तेव्हां तेव्हां तो जगला बहुधा याच किरकोळ वाटणाऱ्या पदार्थांच्या आश्रयानें.

इंग्लंडपासूनच आरंभ करणें सोयीचें. मध्ययुगांत तेथील श्रीमंतांच्या मेजवानींत रानडुकराचें शिर गाजावाजानें मिरवीत आणलें जाई. ऑक्सफर्ड येथील क्वीन्स कॉलेजांत हा समारंभ परंपरेनें चालत आलेला आहे, आणि अशा प्रसंगीं गावयाचें गीत लंडनचा मुद्रक विंकिन द वर्ड यानें १५२१ सालीं छापलें होतें. पुढें रानडुकरें दुर्मिळ झालीं आणि त्यांच्या जागीं गूज नांवाचा बदकाच्या जातीचा मोठा पक्षी आला, त्यानंतर टर्की. या टर्कीच्या नांवांतच मोठी गंमत आहे. तो पक्षी मूळचा मेक्सिकोचा. स्पॅनिश लोकांनीं सोळाव्या शतकाच्या आरंभीं तो युरोपांत आणला. परंतु त्याच्या मूळ गांवाचा पत्ता लोकांस नसल्यामुळें इंग्रजांनीं त्यास तुर्कस्तानचा ठरविलें, फ्रेंचांनीं हिंदुस्थानचा, पोर्तुगीजांनीं त्याला पेरू देशाचें नांव दिलें, आणि खुद्द तुर्की भाषेंत तो ‘हिंदी’ झाला. ज्याचें गांव कोणासच धड सांगतां येईना असा हा पाहुणा इंग्लंडांतील सामान्य घरांत विसाव्या शतकाच्या मध्यानंतरच सरसकट पोंचला. तोंपर्यंत लंडनच्या गरिबांचा पक्षी गूज हाच होता.

आतां तोंडीलावण्याकडे वळावें. जुन्या इंग्रजी घरांत नाताळच्या जेवणाचा आरंभ ‘प्लम पॉटेज’ नांवाच्या दाट पेजेनें होत असे. गोमांसाचा रस्सा, पावाचा चुरा, मनुका, बेदाणे, दालचिनी, लवंग व जायफळ हें सर्व एकत्र शिजवून ती करीत. यांतील ‘प्लम’ म्हणजे आलुबुखार नव्हे. त्या काळीं मनुकांनाही तोच शब्द लावीत. काळाच्या ओघांत ही पेज दाट होत गेली, मांस गळालें, मिश्रण फडक्यांत बांधून उकडण्याची रीति आली, आणि जेवणाच्या आरंभीं येणारा पदार्थ शेवटीं येऊं लागला. तेंच आजचें नाताळचें पुडिंग. एलायझा ॲक्टन या बाईंनीं १८४५ सालीं प्रसिद्ध केलेल्या पाकशास्त्राच्या पुस्तकांत त्याची कृति याच नांवानें आढळते. मिन्सपायची कथाही अशीच. ही एक प्रकारची भाजलेली करंजी. मूळांत तिच्या सारणांत खिमा, सुका मेवा व मसाला असे. खिमा हळूहळू निघून गेला, त्याची खूण म्हणून केवळ थोडी चरबी उरली, पण सारणाचें नांव मात्र अजून खिम्याचेंच आहे.

या पदार्थांचें घरांतील स्थान काय होतें, हें सॅम्युएल पीप्स या आरमारी अधिकाऱ्याच्या प्रसिद्ध रोजनिशीवरून दिसतें. १६६२ च्या नाताळांत त्याची पत्नी आजारी होती. त्यानें प्लमची पेज व भाजलेली कोंबडी खाल्ली; परंतु पत्नीस मिन्सपाय करतां येण्याजोगी प्रकृति नसल्यामुळें तो त्याला बाहेरून मागवावा लागला, आणि ही गोष्ट नमूद करून ठेवण्याइतकी त्याला महत्त्वाची वाटली. १६६६ सालीं तीच बाई मोलकरणींकडून मिन्सपाय करवून घेण्यासाठीं पहाटे चार वाजेपर्यंत जागली होती. त्याच वर्षीं सप्टेंबरांत लंडनचा मोठा भाग जळून गेला होता, आदल्या वर्षीं प्लेगनें शहर ओस पाडलें होतें. अशा वर्षाच्या अखेरीस एक गृहिणी रात्रभर चुलीपाशीं बसते, ती जिभेच्या चोचल्यांसाठीं खास नव्हे. आगीनंतरही घर घरच राहिलें आहे, हें तिला त्या भट्टींतून काढून दाखवावयाचें असावें.

या पेजेवर व या करंजीवर त्यापूर्वींच एक मोठें गंडांतर येऊन गेलें होतें. राजा पहिला चार्लस व पार्लमेंट यांच्यामधील यादवींत प्युरिटन पंथाचें वर्चस्व वाढलें. नाताळास बायबलाचा आधार नाहीं, हा दिवस केवळ खादाडीचा व दंग्याचा, असें त्यांचें मत होतें. १६४४ सालीं २५ डिसेंबर हा बुधवारीं, म्हणजे मासिक उपवासाच्या दिवशीं आला, तेव्हां सणाऐवजीं उपवास पाळावा असें पार्लमेंटानें फर्माविलें; आणि जून १६४७ मध्यें नाताळ, ईस्टर व तत्सम सण वटहुकुमानें रद्द केले. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत कँटरबरी शहराच्या महापौरानें नाताळच्या दिवशीं बाजार भरवावा व दुकानें उघडावीं अशी आज्ञा केली. लोक खवळले. ज्या थोड्या दुकानदारांनीं आज्ञा पाळली त्यांचा माल रस्त्यावर फेकला गेला, आणि दंगल इतकी वाढली कीं कांहीं काळ शहर दंगेखोरांच्या हातीं गेलें. पुढें खटला उभा राहिला, तेव्हां ज्यूरीनें आरोपच मान्य केला नाहीं. या प्रकरणास इतिहासांत ‘प्लम पुडिंगचा दंगा’ असें नांव पडलें आहे. मिन्सपाय खाणें हा कायद्यानें गुन्हा होता, असें मात्र जें नेहमीं सांगितलें जातें तें खरें नाहीं. वटहुकुमांत पदार्थाचा उल्लेखच नव्हता. परंतु सणच गुन्हा ठरल्यावर त्या सणाचा पदार्थ संशयास्पद होतो, हें सांगण्यास कायद्याची गरज लागत नाहीं.

अटलांटिकपलीकडे मॅसॅच्युसेट्स वसाहतींत १६५९ सालीं नाताळ पाळणाऱ्यास पांच शिलिंग दंड ठेवण्यांत आला. तो कायदा १६८१ सालीं रद्द झाला. इंग्लंडांत १६६० सालीं राजसत्ता परत आली आणि तिच्याबरोबर सणही परतला. स्कॉटलंडांत तर या विरोधाची छाया इतकी लांबली कीं तेथें नाताळास सार्वजनिक सुटी १९५८ सालीं मिळाली. सुमारें तेरा वर्षें इंग्लंडांत प्रार्थनामंदिरें बंद ठेवतां आलीं, घंटा थांबवितां आल्या. पण घरोघरच्या चुलीवर शिपाई बसवितां आला नाहीं. पीप्सच्या घरीं १६६२ सालीं जी पेज शिजली ती कोणी नव्यानें शोधून काढलेली नव्हती. बंदीच्या काळांतही ती करावयाची कशी, हें बायकांच्या ध्यानांत होतें.

दारिद्र्याच्या घाल्याचें चित्र चार्लस डिकन्स यानें १८४३ सालीं प्रसिद्ध केलेल्या ‘अ ख्रिसमस कॅरल’ या छोट्या कादंबरींत उभें केलें आहे. बॉब क्रॅचिट या गरीब कारकुनाच्या घरीं भट्टी नाहीं. म्हणून गूज पक्षी बेकरीवाल्याकडे भाजावयास दिलेला आहे, जसा त्या काळीं लंडनचे पुष्कळ गरीब लोक देत. पक्षी लहान, माणसें अनेक. तो पुरतो तो सफरचंदाच्या चटणीमुळें व कुस्करलेल्या बटाट्यांमुळें, आणि हीं तोंडीलावणीं करण्याचें काम मुलांकडे वाटून दिलेलें आहे. पुडिंग उकडलें आहे तें कपडे धुण्याच्या तांब्याच्या हंड्यांत, म्हणून त्याच्या वाफेला धुण्याच्या दिवसाचा वास येतो. तें नीट जमलें असेल कीं नाहीं या चिंतेनें घरच्या बाईचा जीव टांगणीला लागतो. तिची धास्ती कोणत्याही मराठी गृहिणीस समजावून सांगावी लागणार नाहीं. पहिली पुरणपोळी तव्यावर टाकतांना तीच धास्ती असते.

या पुडिंगाभोंवतीं कुटुंबाचे विधिही जमले. आगमनकालापूर्वींच्या शेवटच्या रविवारीं तें कालवावयाचें, कारण त्या रविवारच्या इंग्रजी प्रार्थनेचा आरंभ ढवळण्याच्या अर्थाच्या क्रियापदानें होतो. घरांतील प्रत्येकानें, अगदीं तान्ह्या मुलाच्या हातींही पळी देऊन, पूर्वेकडून पश्चिमेकडे एकेकदां ढवळावयाचें. बाल येशूच्या दर्शनास आलेले ज्ञानी पुरुष त्याच दिशेनें आले होते. आंत एक रुप्याचें नाणें टाकावयाचें. ज्याच्या वाट्यास तें येईल त्याचें वर्ष भाग्याचें. डेन्मार्कांत अशीच गंमत दुधांत शिजविलेल्या गोड भातांत लपविलेल्या एका अख्ख्या बदामाची करतात.

घरगुती पदार्थाचा राजकारणानेंही उपयोग करून पाहिला. साम्राज्यांतील माल खपविण्यासाठीं ब्रिटिश सरकारनें स्थापन केलेल्या मंडळानें १९२७ सालीं ‘साम्राज्याच्या नाताळ-पुडिंगा’ची कृति जाहीर केली; ती पंचम जॉर्ज बादशहाच्या आचाऱ्यानें दिली होती. तींत मनुका ऑस्ट्रेलियाच्या, लवंग झांजिबारची, रम जमैकाची आणि मसाल्यांत वांटा हिंदुस्थानचा, अशी एक एक वस्तु एक एक मुलुखाची सांगितलेली होती. बादशाही ढवळली गेली ती एकाच पातेल्यांत! पण एका पिढीच्या आंतच युद्धानें तें पातेलें रिकामें केलें. जानेवारी १९४० पासून जुलै १९५४ पर्यंत ब्रिटनमध्यें अन्नधान्याचें नियंत्रण होतें. त्या वर्षांत गृहिणींनीं पुडिंगांत किसलेलीं गाजरें घातलीं, आणि सोयाबीनच्या पिठांत बदामाचा अर्क मिसळून बदामी लेप केला. पदार्थ खोटा होता. त्याची जागा खरी होती. ती रिकामी ठेवावयाची नाहीं, एवढाच आग्रह होता.

राज्यच नकाशावरून पुसलें गेलें तर काय होतें, याचें उत्तर पोलंड देतो. १७९५ पासून १९१८ पर्यंत, म्हणजे १२३ वर्षें, या राष्ट्रास स्वतःचें राज्य नव्हतें. पोलिश लोकांचें मुख्य जेवण नाताळच्या आदल्या रात्रीं, आकाशांत पहिली चांदणी दिसल्यावर सुरू होतें. तें निर्मांस असतें, परंतु मासे चालतात. मेजावरील पांढऱ्या कापडाखालीं थोडें गवत पसरतात, कारण येशूचा जन्म गोठ्यांत झाला. पातळ पापडीसारखी पवित्र पोळी सर्वजण एकमेकांच्या हातून मोडून खातात. पदार्थ परंपरेनें बारा: बीटचें लाल सूप व त्यांत अळिंब्यांच्या सारणाचे इवलेसे ‘कान’, कार्प मासा, कोबी, खसखशीचें पक्वान्न इत्यादि. आणि एक पान अधिक मांडून रिकामें ठेवतात. अवचित येणाऱ्या अतिथीसाठीं, किंवा जो येऊं शकत नाहीं त्याच्यासाठीं. या रिकाम्या पानाचा अर्थ महाराष्ट्राच्या भूमीवरही कांहीं वर्षें कळला असेल. दुसऱ्या महायुद्धांत रशियांतून सुटून आलेल्या सुमारें पांच हजार पोलिश निर्वासितांची, मुख्यतः स्त्रिया व मुलें यांची छावणी १९४३ ते १९४८ या काळांत कोल्हापूरनजीक वळिवडे येथें होती. तेथें त्यांच्या शाळा होत्या, प्रार्थनामंदिर होतें; आणि बहुतेक कुटुंबांत कोणीतरी परत न आलेला होता.

देशांतर केलेल्या माणसाचें ताट तर या दृष्टीनें एखाद्या दप्तरासारखें वाचतां येतें. अमेरिकेंत स्थायिक झालेल्या नॉर्वेजियन घराण्यांत वाळलेला कॉड मासा क्षाराच्या पाण्यांत भिजवून मऊ केलेला ‘लुटेफिस्क’ नाताळास हवाच असतो. नव्या पिढीस त्याचा वास सोसत नाहीं, तरी पणजोबांच्या नांवानें एक घास घेतला जातो. इटालियन वंशाच्या घरीं टर्कीच्या शेजारीं लझान्या येतो. मेक्सिकन वंशाच्या घरीं मक्याच्या सोपटांत उकडलेले तमाले. मधला पक्षी नव्या देशाचा, बाजूची वाटी जुन्या गांवची. आपल्या भाषेंत बोलावयाचें तर पक्वान्न सासरचें आणि तोंडीलावणें माहेरचें.

एकाच तोंडीलावण्यानें पूर्व व पश्चिम या दोन्ही दिशा गांठल्याचेंही एक उदाहरण आहे. पोर्तुगालच्या मदैरा बेटांत द्राक्षाचें मद्य व लसूण यांत मुरविलेलें डुकराचें मांस हा नाताळचा खास पदार्थ. १८३५ पासून मदैराचे मजूर दक्षिण अमेरिकेंतील ब्रिटिश गियानांत उसाच्या मळ्यांवर गेले. त्यांच्याबरोबर तो तेथें गेला आणि गियानांत नाताळच्या सकाळची न्याहरी बनला. त्यापूर्वीं कित्येक वर्षें तोच गोव्यास आला होता. येथें द्राक्षाचें मद्य दुर्मिळ, म्हणून माडाच्या ताडीचा शिरका आला. आणि पोर्तुगीजांनींच अमेरिकेहून आणलेली मिरची त्यांत पडली. मद्य व लसूण या अर्थाच्या पोर्तुगीज शब्दांचा ‘विंदालू’ झाला. त्यांतील ‘आलू’चा बटाट्याशीं कांहींएक संबंध नाहीं.

गोव्याचा विषय निघाला म्हणजे पुनः राजाज्ञेकडे यावें लागतें. तेथें १५६० सालीं धर्मन्यायसभा स्थापन झाली. मधला थोडा खंड सोडल्यास ती १८१२ पर्यंत चालली. तिच्या १७३६ च्या फर्मानानें नवख्रिस्त्यांच्या घरांतील बारीकसारीक चालींवरही निर्बंध घातले. पोशाख, लग्नांतील गाणीं, पानविडा इतकेंच नव्हे, तर हिंदूंप्रमाणें मीठ न घालतां भात शिजविणें हेंही त्यांत निषिद्ध ठरलें. भाताच्या मिठापर्यंत ज्या सत्तेची नजर पोंचली, तिच्या राज्यांतही नेवरी मात्र टिकली. नेवरी म्हणजे आपली करंजी. तेंच खोबरें, तीच मुरड. आज गोव्याच्या नाताळांत ताडीनें फुगविलेले सान्न व सोरपोतेल यांच्या जोडीला नेवऱ्या, दोदोल, कुलकुल व बिबिंका असतात, आणि या गोडधोडाचें ताट झांकून शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे, हिंदूंच्या घरींही, पाठविलें जातें. दिवाळींत त्याची परतफेड होते.

उत्तर कोंकणांत वसई १५३४ सालीं पोर्तुगीजांकडे गेली व १७३९ सालीं चिमाजी आप्पांनीं जिंकून घेतली. तेथील व साष्टींतील ख्रिस्ती समाजापैकीं ज्यांनीं १८८७ सालीं, व्हिक्टोरिया राणीच्या सुवर्णमहोत्सवाच्या वर्षीं, ‘ईस्ट इंडियन’ हें नांव धारण केलें, त्यांची घरची भाषा मराठीच राहिली. त्यांच्या नाताळाच्या पानावर आंबविलेल्या पिठाचे तळलेले गोल फुगे असतात, आणि कालवणाचा प्राण असतो बाटलीचा मसाला. पावसाळ्यापूर्वीं वीसहून अधिक जिनसा उन्हांत वाळवून, भाजून, कुटून तो बाटल्यांत ठासून भरतात. प्रत्येक घराचें प्रमाण निराळें. तें लेकीसुनांना हाताला धरून शिकविलें जातें.

देशावर इतिहास निराळा, पण परिणाम तोच. अमेरिकन मराठी मिशन १८१३ सालीं मुंबईंत व १८३१ सालीं अहमदनगरास, म्हणजे आजच्या अहिल्यानगरास, सुरू झालें. मिशनरी लोकांबरोबर केक आला. तथापि मराठी ख्रिस्ती घरांत नाताळापूर्वीं कढई चढते ती करंज्या, शंकरपाळे, लाडू व चिवडा यांसाठींच. १८९५ सालीं बाप्तिस्मा घेतलेले कवि रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनीं अभंग व कीर्तन ख्रिस्ती उपासनेंत आणून, धर्म बदलला तरी मातृभाषा व संस्कार टाकावे लागत नाहींत, हें सिद्ध करण्यांत आयुष्य वेंचलें. त्यांनीं शब्दांनीं जें मांडलें तें असंख्य अनाम स्त्रिया लाटण्यानें व झाऱ्यानें मांडीतच होत्या.

या सर्व इतिहासांत एक धोक्याची जागा आहे. वटहुकूम कागदावर राहतात, म्हणून १६४७ चा व १७३६ चा हुकूम आज वाचतां येतो. परंतु ज्या पाककृतींनीं ते हुकूम पचविले त्या बहुतांशीं कागदावर नाहींत. त्यांचीं मापें ‘मूठभर’, ‘चिमूटभर’ आणि ‘अंदाजानें’. कँटरबरीच्या दंग्याला ज्या पदार्थांनीं जुमानलें नाहीं, साम्राज्य व युद्ध यांस जे पुरून उरले, ते एका आजीच्या मृत्यूनें आणि एका नातीच्या आळसानें मात्र कायमचे लुप्त होऊं शकतात. तयार पुडिंग, तयार मसाला व तयार फराळ दुकानांत मिळूं लागल्यापासून हा धोका सर्व धर्मांच्या घरांस सारखाच आहे.

डिसेंबरच्या चोविसाव्या तारखेस गोव्यांत, वसईंत किंवा नगरच्या एखाद्या गल्लींत कोणी मुलगी विणलेल्या रुमालानें झांकलेलें ताट घेऊन शेजारच्या दारांत उभी राहते. शेजारीण तें आंत नेते, नेवऱ्या काढून घेते व ताट विसळते. रिकामें ताट परत करूं नये, निदान चिमूटभर साखर तरी त्यांत घालावी, हा नियम दोन्ही घरांस ठाऊक असतो. आणि तो कोणत्या धर्माचा, असें त्या उंबरठ्यावर कोणी विचारीत नाहीं.